अकरा जणांचा एकच आकडा

धाकट्या मुलीला जुळं झालं आणि त्या दोघांत थोरला कोण यावरून दोन्ही घरांत पंधरा दिवस वाद चालला, त्या वर्षी अणुभट्टीच्या अपघाताला सव्वीस वर्षं पुरी झाली होती. त्याच वर्षाच्या शेवटी माझ्या साडूला रक्ताचा कर्करोग निघाला आणि मला कार्यालयातून बोलावणं आलं. कार्यालय म्हणजे अपघातानंतर साफसफाईला गेलेल्या माणसांचे आजार कामामुळे झाले की आपसूक झाले, हे ठरवणारं ठिकाण. तिथल्या बाईंनी माझ्याकडे न बघताच शाईचं पॅड पुढे सरकवलं. मी म्हणालो, "मला सही येते." "बरं," त्या म्हणाल्या, जणू मी मला पोहता येतं असं सांगितलं होतं. मग त्यांनी कागद फिरवून माझ्यासमोर ठेवला. माझ्या तुकडीची यादी होती. मी मुकादम होतो, तेव्हा यादी बरोबर आहे एवढं लिहून खाली सही करायची होती. मला वाचता येतं, पण चालत येतं, धावत येत नाही. बोट ठेवून मी नावं वाचली. मी धरून अकरा. मग नावांपुढचे आकडे वाचले, कुणाच्या अंगात किती किरण गेले त्याचे. पहिल्यापुढे एक आकडा होता, दुसऱ्यापुढे तोच, तिसऱ्यापुढे तोच. मला वाटलं माझंच बोट ओळ चुकलं. मी पुन्हा वरून सुरुवात केली. अकराही जणांपुढे एकच आकडा होता, दशांश चिन्हाच्या पुढचे तीन अंकसुद्धा तेच. बाई कौतुकाने म्हणाल्या, "तुमच्या तुकडीची नोंद किती छान आहे बघा. बाकीच्यांत कुणाचा कमी, कुणाचा जास्त, नुसता गोंधळ. समितीतले तज्ज्ञ म्हणाले, शिस्तीची तुकडी दिसते."

हा तज्ज्ञ कोण ते मला माहीत नव्हतं, पण मनातल्या मनात मी त्याला तिथेच खुर्चीवरून खाली ढकललं. अकरा माणसं एका तव्यावरच्या अकरा पोळ्या खातात तेव्हासुद्धा प्रत्येकाला सारखी करपलेली येत नाही. एका विहिरीचं पाणी प्यायलेल्या अकरा जणांचं पोट सारखं बिघडत नाही. हे समजायला पदवी लागत नाही. उलट पदवी असली की बहुतेक ते समजत नसावं. हा मनुष्य चष्मा लावून, पगार घेऊन, अकरा सारखे आकडे बघतो आणि त्याला शिस्त दिसते. मला त्या आकड्यात एक फळी दिसली. पिवळट लाकडाची, हातभर लांब, तिला अकरा खिळे, आणि प्रत्येक खिळ्यावर एक बिल्ला. फळी मीच तासली होती, खिळे मीच ठोकले होते, सरळ रेषेत, दोरी धरून.

बिल्ला म्हणजे छातीवर लावायचा एक छोटा चपटा डबा. आतली पट्टी किरण खायची. आठवड्याने ते बिल्ले पाकिटातून जायचे, तिकडे कुणीतरी पट्टी बघून आकडा मांडायचा आणि ज्याचा आकडा भरला त्याला घरी पाठवायचे. आम्ही भट्टीच्या छपरावर काम करायचो. स्फोटात उडून पडलेला मलबा फावड्याने ढकलून परत त्याच खड्ड्यात टाकायचा. एका माणसाची पाळी दीड मिनिटाची. शिशाच्या पत्र्याचे तुकडे दोरीने अंगाला बांधून माणूस शिडीवरून वर धावायचा, चार-पाच फावडी ढकलायचा आणि शिट्टी झाली की खाली. शिट्टी माझ्याकडे होती, घड्याळही माझ्याकडे. मी शिडीच्या तळाशी दाराआड उभा असायचो. सगळ्या दिवसांत मिळून मी वर चारदा गेलो, तेही कुणी अडखळला तेव्हा. वरून उतरलेल्या माणसाच्या तोंडाला गंजलेल्या चमच्याची चव असायची आणि तो पहिल्यांदा काय बोलेल त्याचा नेम नसायचा. एक जण दर वेळी उतरून म्हणायचा, "सासूबाईंना आणा इथे." आम्ही दर वेळी हसायचो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण दीड मिनिटानंतर माणूस कशालाही हसतो. आणि त्या वेळी आमचे अकराही बिल्ले विश्रांतीच्या खोलीत, फळीवर, स्वच्छ फडक्याखाली लटकत असायचे. खोलीत जितके किरण, तितके बिल्ल्यांत. छपरावरचे किरण आमच्यात.

सव्वीस वर्षं मी स्वतःला एक गोष्ट सांगत आलो होतो. मी अडाणी होतो. बिल्ले वाटताना आम्हाला एवढंच सांगितलं होतं की सांभाळा, हरवले तर दुसरे नाहीत. धावताना, वाकताना बिल्ला तुटून मलब्यात पडायचा. पहिल्याच दिवशी दोन पडले आणि ते शोधायला एक जण वर आणखी अर्धं मिनिट थांबला. म्हणून मी फळी केली. चांगल्या मनाने केली. सहाव्या दिवशी निरीक्षक साहेब आला, फडकं उचलून अकरा बिल्ले पाहिले, मोजले आणि म्हणाला, "हे कुणी केलं?" मी छाती काढून म्हणालो, "मी, साहेब." "उत्तम," तो म्हणाला. "एकही हरवू देऊ नका." त्याला वाचता येत होतं. बिल्ला कुठे असायला हवा हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्याकडे माणसं कमी होती, आणि समोर एक अडाणी मुकादम होता ज्याच्या माणसांचा आकडा कधीच भरणार नव्हता. त्या साहेबाचा तिरस्कार करण्यात मी इतकी वर्षं घालवली की तो माझ्या घरचा माणूस झाला. दाढी करताना मी त्याला शिव्या घालायचो. तो मेला असं कळलं त्या दिवशी मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मी बाईंना विचारलं, "समजा हे आकडे खोटे असतील तर?" त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "खोटे म्हणजे?" "म्हणजे बिल्ले माणसांच्या अंगावर नव्हतेच." बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पाठ असल्यासारखं सांगितलं, "मजुरांनी आपल्या मनाने किंवा अडाणीपणाने काढून ठेवले असतील तर ती मजुरांची चूक. मग नोंद आहे तीच धरतात. वरच्याच्या हुकमावरून काढले असतील तर नोंद बाद होते. मग कामाचे दिवस धरून आकडा काढतात. तसं झालं तर तुमच्या साडूंचा आजार कामामुळेच झाला असं लागेल. मोठ्या इस्पितळात जागा, नवं औषध, सगळं." "वरचा म्हणजे कोण?" "मुकादम, निरीक्षक, कुणीही. पण ज्याने हुकूम दिला त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलं पाहिजे. दुसऱ्याचं ऐकीव चालत नाही. रोग्याचं तर नाहीच." मी म्हणालो, "मी हुकूम दिला असं कोण लिहून देईल?" "कुणी देत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तर नियम टिकलाय." मग त्यांनी कॅलेंडर बघून मला आठ दिवसांची मुदत दिली आणि पुढच्या माणसाकडे पॅड सरकवलं.

साडूला तुकडीत सगळे मास्तर म्हणायचे, कारण सबंध तुकडीत वाचता येणारा तो एकटाच. शाळेत कधी शिकवलं नाही त्याने, सहावी-सातवीपर्यंत शिकला होता फक्त. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आमच्या सासऱ्यांना हा धाकटा जावई फार प्यारा. जेवायला बसलं की वर्तमानपत्र याच्या हातात द्यायचे आणि हा मोठ्याने वाचायचा आणि मी भाताकडे बघायचो. त्याला कामावर मीच लावलं. उपकार म्हणून नव्हे. माझ्या हाताखाली असावा म्हणून. इस्पितळात गेलो तेव्हा त्याच्या हाताला रक्ताची पिशवी लावलेली होती. अंग इतकं बारीक झालं होतं की चादरीखाली माणूस आहे की चादरीची घडीच नीट बसली नाही, ते कळेना. मला बघून तो म्हणाला, "या, साडूबुवा. आज कुणातरी तरण्या पोराचं रक्त मिळालंय. सकाळपासून उगाच कुणाशी तरी भांडावंसं वाटतंय." मेहुणी म्हणाली, "भांडा की. आलेत ना हे, यांच्याशी भांडा." तिने मला स्टूल दिलं. तिच्या हातात एक वही होती; त्यात ती त्याच्या पांढऱ्या पेशींचे आकडे रोज लिहून ठेवायची, भाजीचे भाव लिहावे तसे. डॉक्टरीण येऊन गेली होती. माझंही रक्त तिने तपासलं होतं, अपघातवाल्यांची तपासणी म्हणून. "तुमचं अगदी स्वच्छ आहे," ती मला दारातच म्हणाली होती, मोठ्याने, अभिनंदन केल्यासारखी. त्या क्षणी मी तिलाही माझ्या तिरस्काराच्या यादीत घातलं.

मी कार्यालयातलं सगळं सांगितलं. फळीचं, नियमाचं, आठ दिवसांचं. मेहुणीने वही मिटली. "म्हणजे हुकूम कुणाचा होता एवढंच लिहायचं? मग सोपं आहे. भाऊजी, कुणाचा होता हुकूम?" तिने हे इतकं साधं विचारलं, मिठाची बरणी कुठे आहे असं विचारावं तसं. मी म्हणालो, "साहेबांचा." "मग त्यांना गाठा." "ते वारले." "मेले ते," ती म्हणाली, "आणि आपल्याला अडकवून मेले." मास्तर खिडकीकडे बघत होता. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची गच्ची होती आणि तिथे कुणीतरी गाद्या उन्हात टाकल्या होत्या. मग म्हणाला, "साडूबुवांना विचार करू दे गं. लिहितील काहीतरी. हल्ली अक्षर चांगलं झालंय त्यांचं."

मला त्याची ही दया सहन झाली नाही. शिवी दिली असती तर मी तिथल्या तिथे परत केली असती. दया परत करता येत नाही. आणि अक्षर चांगलं झालंय हे तोच म्हणणार, कारण अक्षर त्यानेच दिलं होतं. मी कामावरून निवृत्त झाल्यावर एक दिवस त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, मला शिकव. शिकण्याच्या प्रेमाने नाही. मला भिंतीवरचं प्रशस्तिपत्र वाचायचं होतं. अपघातानंतर ते सगळ्यांना मिळालं होतं. मी काच लावून घेतली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचो. वीस वर्षं मला वाटायचं, त्यावर शौर्य की काय असं लिहिलेलं आहे. सात महिने लागले मला त्या चार ओळी वाचायला. त्यात लिहिलं होतं, साफसफाईच्या कामी सहकार्य केल्याबद्दल आभार. मी मास्तरला म्हणालो, "तुला हे पहिल्यापासून माहीत होतं?" तो म्हणाला, "माझ्याकडेही तेच आहे की." "मग बोलला का नाहीस?" "तुम्ही इतक्या हौसेने दाखवत होता." शिकवताना तो कधी चिडला नाही. मी जोडाक्षर लिहिताना घाम पुसायचो तेव्हा फक्त म्हणायचा, "हळू. हे फावडं नाही." मला वाचता आल्यावर त्याने एकदाही म्हटलं नाही की आता ते पत्रकही वाचून बघा.

पत्रक. हे मी इथपर्यंत टाळत आलो, तसंच सव्वीस वर्षंही टाळलं. बिल्ल्यांबरोबर एक छापील कागद आला होता. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत मास्तरने तो खिशातून काढला आणि सगळ्यांसमोर वाचला. मग फळीकडे बोट करून म्हणाला, "साडूबुवा, यात लिहिलंय की हा छातीवर लावूनच वर जायचं." मी म्हणालो, "आणि पडला तर?" "पडला तर पडला. पण खिळ्यावर टांगून याला काय कळणार? खिळ्याला थोडाच कर्करोग होतोय?" सगळे हसले. चांगला विनोद होता. मला तो समजला, आणि विनोदाच्या आतलं खरंही समजलं, लख्ख समजलं. अडाणी माणूस मूर्ख नसतो. पण ते हसणं त्याला मिळालं होतं. सासऱ्यांच्या घरी वर्तमानपत्र, आणि इथे माझ्या तुकडीतसुद्धा कागद वाचून हाच मोठा. मी उठलो, पत्रक त्याच्या हातातून घेतलं, घडी घालून खिशात टाकलं आणि म्हणालो, "मास्तर, शाळा सुटली. फावडं उचल." यावर सगळे आधीपेक्षा जास्त हसले. खूपच जास्त. एक जण तर घास लागून खोकला. मला आजही ते हसणं कानात नीट ऐकू येतं; त्याच्यापेक्षा माझं मोठं झालं होतं. तेवढ्यासाठी. त्यानंतर आणखी सतरा दिवस आम्ही काम केलं आणि कुणीही, मास्तरनेसुद्धा, बिल्ल्याचं नाव काढलं नाही.

आठ दिवसांतले पहिले सहा मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून खोटं लिहिण्यात घालवले. पहिल्या दिवशी साहेबाने हुकूम दिला असं लिहिलं. बाई म्हणाल्या होत्या ऐकीव चालत नाही, तरी लिहिलं. माझा साहेबावरचा राग इतका सुवाच्य होता की मला तो कागद फाडवेना. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं असं लिहिलं. तिसऱ्या दिवशी लिहिलं की आम्हाला काहीच माहीत नव्हतं. ते वाचून मला स्वतःचीच इतकी किळस आली की मी चहा तसाच टाकून बाहेर पडलो आणि बसथांब्यावर तीन बसा सोडल्या. बायको म्हणाली, "अहो, एवढं काय लिहिताय? कादंबरी?" मी म्हणालो, "अर्ज आहे." "सहा दिवस अर्ज?" ती म्हणाली. "बाई महिन्याचा किराणा पाच मिनिटांत सांगून मोकळी होते." मी तिच्यावर खेकसलो. मी त्या दिवसांत सगळ्यांवर खेकसत होतो. कार्यालयावर, समितीवर, डॉक्टरणीवर, जुळ्यांच्या रडण्यावर. तिरस्काराची मजा अशी की तो करत असताना माणूस कामात असल्यासारखा वाटतो. सातव्या दिवशी मेहुणीचा फोन आला. मास्तरच्या नाकातून रक्त येत होतं, दोन तास थांबलं नव्हतं. "भाऊजी," ती म्हणाली, "साहेबांच्या घरच्यांकडे काही कागद असतील का हो? मी जाऊन पाया पडू का त्यांच्या?" मी म्हणालो, "नको. मी बघतो."

आठव्या दिवशी सकाळी मी लिहिलं. बिल्ले अंगावरून काढून खिळ्यावर टांगायचा हुकूम मी दिला. बिल्ला छातीवर लावायचा असतो हे माझ्या साडूने तिसऱ्या दिवशी पत्रक वाचून सर्वांसमोर सांगितलं होतं. मला ते पटलं होतं. तरी मी त्याला गप्प केलं आणि हुकूम कायम ठेवला. खाली सही केली. बायको म्हणाली, "वाचून दाखवा." तिला वाचता येत नाही. मी वाचलं. ती दोन्ही हात ओट्यावर टेकून उभी राहिली. "हे धाकटीला वाचून दाखवणार?" तिची बहीण म्हणजे तिला अजून धाकटीच. मी म्हणालो, "तिला वाचता येतं." "म्हणून तर विचारतेय," ती म्हणाली आणि दुधाखालचा गॅस बंद केला.

समितीत तज्ज्ञ होता. मी समजत होतो तसा तो जाडा नव्हता. सडपातळ, सर्दी झालेला, रुमाल हातात. त्याने माझा कागद दोनदा वाचला. "बिल्ला कशासाठी असतो हे तुम्हाला ठाऊक होतं?" "तिसऱ्या दिवसापासून." "मग?" "मग काही नाही." त्याने नाक पुसलं आणि म्हणाला, "अकरा जणांचा आकडा इतका सारखा, तेव्हा मला शंका आलीच होती." मी म्हणालो, "शंका आली होती, तर शिस्त कसली म्हणालात?" तो ओशाळला नाही. "शंकेला रकाना नसतो," तो म्हणाला. हा माणूस मला आवडला असता तर बरं झालं असतं. पण त्याच्यात मला शिडीच्या तळाशी शिट्टी घेऊन उभा असलेला कुणीतरी दिसला, आणि त्याचा तिरस्कार करण्याचा हक्क मला उरला नाही. बाईंनी कागदावर तारीख टाकली. निकालाला सहा दिवस लागतात म्हणाल्या. सहाच लागले, या बाबतीत कार्यालय चोख.

आजार कामामुळेच झाला असा निकाल घेऊन मी मेहुणीकडे गेलो तेव्हा मास्तरला जाऊन तीन दिवस झाले होते. नातेवाईक पांगले होते. ती जमिनीवर बसली होती आणि समोर तीच वही होती. मी निकालाचा कागद आणि त्याला जोडलेली माझ्या लिखाणाची प्रत तिच्या हातात दिली. तिने आधी शिक्का पाहिला. मग माझं अक्षर वाचलं. ती पटकन वाचते; पण त्या दिवशी तिने माझ्यासारखं बोट ठेवून वाचलं. "पत्रक तुमच्या खिशात होतं," ती म्हणाली. मी हो म्हणालो. "त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी त्या साहेबाच्या दारात जाऊन पाया पडणार होते," ती म्हणाली. तिने कागद वहीवर ठेवला, वहीच्या कडेशी कड जुळवली. "भाऊजी, हे कार्यालयात कधी दिलंत?" "आठव्या दिवशी." "लिहायला किती वेळ लागला?" मी म्हणालो, "एक सकाळ." तिने मान हलवली. डॉक्टरीण नंतर म्हणाली की नव्या औषधाने वाचले असते असं सांगता येत नाही, आणि नसते वाचले असंही सांगता येत नाही. मेहुणीने त्यानंतर मला भाऊजी म्हटलेलं नाही. समोर आलो तर ती बायकोला सांगते, यांना पाणी दे. मी पाणी पितो.

माझा साडू, ज्याला आम्ही मास्तर म्हणायचो, तो त्याच हिवाळ्यात, मी कागद दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, रक्ताच्या कर्करोगाने वारला. तो एकसष्ट वर्षांचा होता. अकरा जणांतला जाणारा तो सातवा.